पहाटेच्या वासाची वही : दुर्गंधी नियंत्रण कामाच्या नोंदी

20 नोव्हेंबर 2023, सोमवार

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या. आमच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या वासाचं काम आजपासून माझ्याकडे. तक्रारींची फाईल ताब्यात घेतली. सगळ्यात जुना अर्ज प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षीचा आहे. प्रत्येक अर्जाला जोडलेलं आमचं उत्तर जवळपास एकच: 'पाहणी केली असता दुर्गंधी आढळून आली नाही.' पाहणीच्या वेळा वेगळ्या कागदावर उतरवून काढल्या. सकाळी अकरा, दुपारी साडेबारा, दुपारी तीन. सकाळी आठच्या आधीची एकही नाही.

संध्याकाळी नदीपलीकडच्या वस्तीत जाऊन आले. एका काकूंनी दारातच सांगितलं, "मॅडम, तुमची माणसं अकराला येतात. अकराला कुठला वास? पहाटे पाचला या, नळाला पाणी सुटतं तेव्हा."

21 नोव्हेंबर 2023

पावणेपाचला वस्तीत पोचले. थंडी चांगलीच होती, नदीवर धुकं, वारा अजिबात नाही. नळावर हंडे लागलेले. पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत काही नव्हतं. मग एकदम आला, सडक्या अंड्याचा. घशात अडकल्यासारखा होतो, पोटात ढवळतं. बायकांनी पदर नाकाला लावला आणि एका हाताने पाणी भरत राहिल्या. लहान मुलं झोपलेल्या घरांच्या खिडक्या पटापट बंद झाल्या. मी आठ वर्षं सांडपाण्याच्या कामात आहे. प्रकल्पाच्या आतला वास अंगवळणी पडला आहे, पण तो कुणाच्या चुलीपाशी येऊन उभा राहतो म्हणजे काय, हे आज पहिल्यांदा अनुभवलं.

कमरेला गॅस मीटर होता. तो पूर्ण वेळ शून्य दाखवत होता.

हे नीट लिहून ठेवायला हवं, कारण आजवरच्या सगळ्या पाहण्या याच मीटरने झाल्या आहेत. हा मीटर माणसाचा जीव वाचवण्यासाठी केलेला आहे. चेंबर उघडताना तो हवाच. पण आमच्याकडचा मीटर हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, एकेका पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) टप्प्याने मोजतो. एक पीपीएम म्हणजे हजार पीपीबी. माणसाच्या नाकाला हा वायू काही पीपीबीतच कळतो. वासाचा जाच टाळायचा तर अर्ध्या तासाची सरासरी घनमीटरला 7 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे. ते साधारण 5 पीपीबी होतं. म्हणजे आमचा मीटर 'एक' दाखवेल तेव्हा हवा त्या मूल्याच्या दोनशे पट खराब झालेली असेल. 'शून्य' पाहून 'दुर्गंधी नाही' असं लिहिणं चूक होतं. अहवालात तसं स्पष्ट लिहिते आहे.

आमच्या ऑपरेटरांचाही दोष नाही. "आम्हाला तर काही येत नाही" असं ते खरंच मनापासून सांगतात. त्याच वासात आठ तास काढले की नाक तो धरायचं सोडून देतं.

24 नोव्हेंबर 2023

वस्तीत बैठक झाली, अंगणवाडीच्या खोलीत. लोक चिडलेले होते आणि त्यांचं बरोबरच होतं. मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी सुगंधी द्रव्याची फवारणी करवली होती. त्याबद्दल एक आजी म्हणाल्या, "नुसता संडासाचा वास परवडला. वर अत्तर मारल्यावर तर जेवणच जाईना." फवारणी पुन्हा होणार नाही, असा मी शब्द दिला.

एक गोष्ट मागितली: वही. अकरा घरं तयार झाली. रकाने असे ठरले: तारीख, वास कधी सुरू झाला, कधी गेला, कशासारखा होता, वारा होता का, आणि त्रास 0 ते 5. नाकाने मोजणं म्हणजे अंदाजपंचे काम नव्हे. माणसं ठरावीक जागी उभी करून वासाच्या नोंदी घ्यायचं मानक युरोपात 2016 पासून आहे, ईएन 16841. आपली वही तेवढी काटेकोर नाही, पण दिशा तीच.

सगळ्या घरांच्या नोंदी एकत्र करायची जबाबदारी एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालक काकांनी घेतली. म्हणाले, "गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, हेच लिहिण्यात जन्म गेला ताई. हे जमेल."

निघताना त्याच आजींनी देव्हारा दाखवला. चांदीचं निरांजन काळंभोर. "गुरुवारी रांगोळीने घासते, पुढच्या गुरुवारी परत हे असं." मी ते हातात घेऊन उजेडात धरलं. कडांना निळसर जांभळी झाक होती आणि मधे काजळी धरल्यासारखा थर. तो काजळीचा नव्हता, बोटाला काही लागलं नाही. चांदी आणि हायड्रोजन सल्फाइड यांचा संयोग होऊन झालेला तो सिल्व्हर सल्फाइड. आमच्या यंत्राला जे दिसत नव्हतं ते या निरांजनावर दर आठवड्याला उमटत होतं. तांब्याच्या घासलेल्या पट्ट्या वस्तीत सहा ठिकाणी आणि प्रकल्पाच्या कुंपणावर चार ठिकाणी टांगायचं ठरवलं. दर सोमवारी उतरवून फोटो काढायचे.

5 डिसेंबर 2023

वहीचे पहिले अकरा दिवस. काकांनी आलेखाच्या कागदावर रेघा मारून दिल्या आहेत. दोन गोष्टी उघड दिसतात.

एक, रोज पहाटे पाचच्या आसपास सुरू होणारा वास पावणेसातच्या सुमाराला जातो. 'सडकं अंडं' हेच वर्णन, अकराही घरांत.

दोन, सोमवारी दुपारपासून एक वेगळा वास येतो. त्याला कुणी 'कुजलेला कोबी' लिहिलंय, कुणी 'मेलेला उंदीर'. हा आमच्या फाईलमध्ये कधी आलेलाच नाही. याच्याकडे नंतर बघू, आधी पहाटेचा.

पंपिंग स्टेशनची लॉगशीट मागवली. रात्री पाण्याची आवक कमी होते. छोटा पंप बरेच महिने बंद आहे. मोठे पंप भविष्यातल्या लोकसंख्येसाठी बसवलेले, ते कमी पाण्यावर चालत नाहीत. त्यामुळे बाराच्या सुमाराला पंप बंद होतात, सांडपाणी साचण्याची विहीर भरत राहते आणि पहाटे पाचला मोठा पंप सुरू होतो. पहाटेची वेळ तीच, कारण नळाला पाणी सुटलं की सांडपाणीही वाढतं.

आता हिशेब. रायझिंग मेन, म्हणजे पंपापासून प्रकल्पापर्यंतची दाबाची नळी, 600 मिमी व्यासाची, साडेतीन किलोमीटर लांब. पोटात पाणी साधारण 990 घनमीटर. पंप तासाला 600 घनमीटर देतो. नळीत रात्रभर तुंबलेलं पाणी बाहेर पडायला 990 भागिले 600, म्हणजे एक तास एकोणचाळीस मिनिटं. पाचला सुरू झालं तर सहा एकोणचाळीसला संपेल.

वहीत 'पावणेसात' लिहिलं आहे. हे दोन आकडे शेजारी मांडले तेव्हा अंगावर काटा आला. अकरा घरांनी आमच्या नळीचं माप न बघता ती मोजून दिली होती.

आत काय होतं ते टीमसाठी थोडक्यात: नळीच्या भिंतीवर शेवाळासारखा बुळबुळीत थर असतो. पाण्यातला प्राणवायू संपला की त्या थरातले जीवाणू सल्फेटवर जगायला लागतात आणि सल्फाइड तयार करतात. पाण्याचा पीएच 7 असेल तर त्यातलं साधारण निम्मं वायूच्या रूपात सुटायला तयार असतं. आणि आमच्या इनलेट चेंबरमध्ये (प्रकल्पात पाणी शिरतं ती टाकी) ते पाणी जवळपास सहा फुटांवरून धबधब्यासारखं पडतं. ताक घुसळावं तसा वायू बाहेर काढला जातो. वर थंडीतली पहाट: नदीच्या खोलगट भागात गार हवा साचून राहते, वर उठत नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड. सखल वस्तीत तो जाऊन बसतो.

6 डिसेंबर 2023

इनलेट चेंबर उघडून पाहिला. आत कुणीही उतरलं नाही, उतरणारही नाही. शंभर पीपीएमच्या पुढे नाकाला वास कळायचा बंद होतो आणि माणसाला वाटतं की गॅस गेला. गटारांत आणि चेंबरमध्ये आजवर गेलेल्या कित्येक जिवांचं कारण हेच. मीटर दोरीने खाली सोडला: 46 पीपीएम.

झाकणाच्या खालच्या बाजूचं काँक्रीट भिजलेल्या चुन्यासारखं पांढरं, मऊ. लांब दांड्याच्या खुरप्याने खरवडलं तर लगदा निघाला, खालची खडी उघडी पडली. लगद्याला पीएचचा कागद लावला, लालभडक झाला, एकच्या आसपास. ओल्या काँक्रीटवरचे जीवाणू या वायूचं सल्फ्युरिक आम्ल करतात. म्हणजे वास हा फक्त शेजाऱ्यांचा प्रश्न नाही, आमचं बांधकामही तो खातो आहे. वरिष्ठांना फोटो पाठवले. 'लोकांना त्रास होतो' या ओळीला जे उत्तर आलं नव्हतं ते 'स्लॅब पडेल' या ओळीला तासाभरात आलं. याचं वाईट वाटलं.

18 डिसेंबर 2023

छोटा पंप दुरुस्त होऊन बसला. आजपासून रात्रभर हळूहळू पाणी पुढे जाईल, तुंबणार नाही, पहाटेचा लोंढा येणार नाही. वस्तीत जाऊन तसं सांगून आले. फार खात्रीने सांगितलं.

2 जानेवारी 2024

चुकलं. वहीत पहाटेच्या त्रासाचा आकडा 4-5 वरून 3 वर आला, पण आता वास रात्री एकपासून आहे. एका घराची नोंद: 'तीन वाजता बाळ रडून उठलं, खिडकी लावली, नंतर झोप नाही.'

हिशेब आधीच करायला हवा होता. रात्रीची आवक तासाला दोनशे घनमीटर. 990 भागिले 200, म्हणजे पाणी नळीत तरीही पाच तास राहतंय. मी तुंबणं थांबवलं, पण पाण्याचं वय कमी केलं नाही. आधी एका लोंढ्यात येणारा वास आता रात्रभर पातळ करून पसरवला. शिवाय दिवसापेक्षा रात्रीच हवा जास्त स्तब्ध असते.

संध्याकाळी वस्तीत जाऊन हे सगळं सांगितलं, माझी चूक म्हणून सांगितलं. काकांनी वही पुढे केली. "लिहा तुमच्या अक्षरात, काय बदललं आणि का." लिहिलं.

9 जानेवारी 2024

पाण्याचं वय कमी होत नसेल तर ते सडू न देणं हाच मार्ग. पर्याय तपासले. फेरिक क्लोराइड सल्फाइडला लोखंडाशी बांधून टाकतं, पण ते आम्लधर्मी आहे आणि पंपिंग स्टेशन दाट लोकवस्तीत, शाळेच्या भिंतीला लागून. हायड्रोजन पेरॉक्साइडही शाळेला लागून साठवणं नको. राहिलं कॅल्शियम नायट्रेट. नायट्रेट मिळालं की जीवाणू सल्फेटकडे वळत नाहीत, ते आधी नायट्रेट वापरतात. त्यातून निघतो नायट्रोजन, जो हवेत आहेच.

हे नाव ऐकून स्टेशनवरचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, हे तर आम्ही डाळिंबाला ठिबकमधून सोडतो." बरोबर, तेच खत. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. विरघळवायचं कसं, गाळायचं कसं, नोझल तुंबलं तर काय करायचं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. डोसिंगची टाकी त्यानेच लावून दिली.

16 जानेवारी 2024

काल संक्रांत. अंगणवाडीताईंनी तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "गोड बोलू, पण आधी वास घालवा." डोस आज रात्री दहापासून सुरू. सुरुवात मुद्दाम कमी.

22 जानेवारी 2024

डोस तीन टप्प्यांत वाढवला. चेंबरमधला पहाटेचा आकडा 46 वरून 9. वहीत पहिल्यांदाच सलग दोन दिवस सहा घरांनी 0 लिहिलं. उरलेली पाच घरं चेंबरच्या रेषेत, नदीच्या अगदी काठावर आहेत, त्यांच्याकडे अजून 2.

डोस आणखी वाढवत नाही. जादा नायट्रेट पुढे टाक्यांत जाईल. तिथे ते वापरलं जातं हे खरं, पण पैसा वाया, आणि खर्च वाढला की पुढच्या अंदाजपत्रकात पहिली कात्री यालाच लागेल.

12 फेब्रुवारी 2024

धबधबा बंद केला. रायझिंग मेनच्या तोंडाला खाली वळणारा पाइप जोडून त्याचं टोक पाण्याच्या पातळीखाली नेलं, वर हवेसाठी व्हेंट आणि त्याला कोळशाचा डबा. दोन दिवसांचं काम. प्रकल्पाच्या आराखड्यातच हे असायला हवं होतं. पहाटे चेंबरमध्ये 3 पीपीएम.

16 मार्च 2024

चेंबर आणि स्क्रीनवर (कचरा अडवणाऱ्या जाळ्या) झाकणं, खालची हवा ओढून बायोफिल्टरमध्ये (जीवाणू वाढवलेल्या भरावातून हवा गाळणारी टाकी) सोडणं, याची निविदा तयार होती. आज लोकसभेची आचारसंहिता लागली. आता जूनपर्यंत कार्यादेश नाही.

उन्हाळा तोंडावर आहे. पाणी जितकं गरम तितकं सल्फाइड जास्त, ढोबळ मानाने दर अंश सेल्सिअसला 7 टक्के. पाणी सहा अंशांनी तापलं की दीडपट. निविदा थांबली तरी उन्हाळा थांबणार नाही, म्हणून बायोफिल्टरचा एक छोटा नमुना आपल्या हातांनी करायचा.

9 एप्रिल 2024

आज पाडवा. सुट्टी असूनही सकाळी तासभर जाऊन आले, कारण फिल्टरला पाणी कोण देणार हा प्रश्न होता. ऑपरेटरने ते आधीच दिलेलं होतं.

नमुना असा: हजार लिटरची जुनी टाकी, तळाशी छिद्रांचा पाइप आणि खडी, वर 0.8 घनमीटर कोकोपीट, लाकडाचे तुकडे आणि मुरलेलं कंपोस्ट. ब्लोअर तासाला 60 घनमीटर हवा चेंबरमधून ओढून खालून सोडतो, म्हणजे हवा त्या भरावात 48 सेकंद राहते. पहिले दहा दिवस काहीच फरक दिसला नाही. जीवाणूंना बस्तान बसवायला वेळ लागतो. आज, विसाव्या दिवशी, भाड्याने आणलेल्या पीपीबी मीटरवर आत 14 पीपीएम (उन्हाने आकडा परत चढला आहे), बाहेर 60 पीपीबी. टाकीच्या तोंडाशी नाक नेलं तर पावसाळ्यातल्या जंगलात पाचोळ्याला येतो तसा वास. अंगणवाडीताईंना बोलावून दाखवलं. त्यांनी दोनदा वास घेतला, मग खाली वाकून कोकोपीट हातात घेऊन पाहिलं. "एवढंच?"

एवढंच. फक्त ते सुकू द्यायचं नाही. या उन्हात दिवसातून तीनदा फवारा.

29 एप्रिल 2024

सोमवारचा कोबी. आता त्याच्या मागे लागले आहे.

गाळ पिळायचं सेंट्रिफ्यूज रविवारी बंद असतं. शनिवारी दुपारनंतरचा गाळ संपमध्ये, म्हणजे गाळाच्या टाकीत, पडून राहतो, या उन्हात दीड दिवस. सोमवारी मशीन सुरू केलं की तो घुसळला जातो. हा वास सडक्या अंड्याचा नाही, हे वहीवाल्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. कुजलेल्या कोबीचा वास मरकॅप्टन या गंधकाच्याच दुसऱ्या कुळाचा. आमचा हायड्रोजन सल्फाइडचा मीटर याचा माग काढू शकत नाही. इथे वही सोडून दुसरं साधन नाही.

आणखी एक: पिळलेल्या गाळाचं पाणी थेट इनलेटला परत जातं, म्हणजे तोच वास पुन्हा चेंबरमधून फिरतो. आणि गाळाच्या गाड्या वस्तीच्या रस्त्याने, ताडपत्री न बांधता जातात. ताडपत्रीचा आदेश आजच काढला. त्याला निविदा लागत नाही.

रविवारी एक पाळी चालवायची मागणी केली. उत्तर: मनुष्यबळ नाही.

20 मे 2024

कायद्याचं वाचत होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची दुर्गंधीबाबतची मार्गदर्शक पुस्तिका 2008 ची. 2009 च्या राष्ट्रीय हवा मानकांत बारा प्रदूषकं आहेत. अमोनिया आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. म्हणजे पहाटे पाचला नळावर उभ्या असलेल्या बाईला जो वायू त्रास देतो त्याच्यासाठी त्या यादीत ओलांडायला मर्यादाच नाही. तिचा अर्ज 'मानकांचे उल्लंघन आढळले नाही' या वाक्याने बंद करता येतो. अहवालात मी जागतिक आरोग्य संघटनेचं मूल्य आणि वहीचे आलेख दोन्ही जोडले आहेत आणि प्रकल्प चालवण्याच्या कराराच्या पुढच्या नूतनीकरणात 'वहीत सलग तीन दिवस 3 च्या वर नोंद होऊ नये' ही अट घालावी असं सुचवलं आहे. मान्य होईल की नाही, माहीत नाही. मी मागे घेणार नाही.

10 जून 2024

आचारसंहिता उठली. फाईल पुन्हा हलली.

पहिला मोठा पाऊस शुक्रवारी रात्री झाला. उन्हाळाभर नाल्यांत साचलेली घाण एकदम वाहून आली, शनिवारी पहाटे अकराही घरांत 4. कालपासून पाणी पातळ झालं आहे, 0 आणि 1. पावसाळ्यातले शून्य आमच्या कामाच्या खात्यावर धरायचे नाहीत, असं वहीत लाल शाईने लिहिलं. खरी परीक्षा नोव्हेंबरमध्ये, थंडी पडली की.

तांब्याच्या पट्ट्या उतरवल्या. नोव्हेंबरच्या पट्ट्या आठवड्यात काळ्या होत होत्या. मे महिन्यातल्या चार आठवडे तपकिरी राहिल्या, काठावरची एक सोडून.

27 जून 2024

झाकणं आणि बायोफिल्टरचा कार्यादेश निघाला. मुदत पाच महिने. भरावाचा तपशील बदलून नमुन्यातलंच मिश्रण घातलं, आणि पाणी देण्यासाठी टायमर. रविवारच्या पाळीचं अजून काही नाही. तोवर शनिवारी संध्याकाळी सेंट्रिफ्यूज दोन तास जास्त चालवून संप रिकामा करायचं ऑपरेटरांनी आपणहून मान्य केलं आहे. त्यांच्या जादा तासांचा प्रस्ताव आज पाठवला.

जुनी वही भरली. काकांनी नवी दोनशे पानी आणली आहे आणि रकाने आखून ठेवले आहेत. एक रकाना वाढवला आहे: 'पंप कधी सुरू झाला'. पंपिंग स्टेशनचा ऑपरेटर आता रोज पहाटे त्यांना फोन करून ती वेळ सांगतो.

आजींच्या घरी डोकावले. निरांजन घासून तीन आठवडे झाले म्हणाल्या. कडा पिवळ्या पडल्या आहेत, मधलं अजून पांढरं आहे.

बाकी: चेंबरच्या स्लॅबची दुरुस्ती झाकणांच्या आधी. काठावरच्या पाच घरांसाठी पीपीबी मीटर नोव्हेंबर ते जानेवारी परत भाड्याने, आत्ताच सांगून ठेवणे. नायट्रेटचा पुढच्या तिमाहीचा साठा, द्राक्षाच्या हंगामाआधी.